अठरावाला, आठवाला आणि पिवळा चिमटा

बाजाराने त्यांचं नाव सेकंदराव ठेवलं त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. खरं नाव पगाराच्या पावतीवर असतं आणि ते वाचायची वेळ मालकाशिवाय कुणावर येत नाही. जुने सर्व्हर विकणाऱ्या एका दुकानाच्या तळघरात त्यांचं टेबल आहे. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी आपले सर्व्हर, म्हणजे अख्ख्या कचेरीचं काम ओढणारी ती दांडगी यंत्रं, मोडीत काढतात. ती इथे येतात, उघडली जातात आणि त्यांच्या पोटातला प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, सेकंदरावांच्या पुढ्यात येतो. ते त्याला बोर्डावर बसवतात, एक ठरलेलं जड काम देतात आणि ते उरकायला किती सेकंद लागले ते रजिस्टरमध्ये लिहितात. वर दुकानात गिऱ्हाईक विचारतं, यातला चांगला कुठला? मालक जिन्यातून खाली हाक मारतात. खालून उत्तर येतं, "एकशे एकाहत्तर सेकंद." झालं, त्यावर भाव ठरतो.

असा माणूस घरी कसा असेल हे त्यांच्या बायकोला विचारावं. चपला घ्यायच्या तर तीन दुकानं, छत्री घ्यायची तर चार. दोन डॉक्टरांकडे जाऊन आल्याशिवाय साध्या खोकल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. "लग्नाचं विचारायला तीनदा आमच्या घरी आले," बायको सांगते, "आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परत गेले. चौथ्यांदा मीच विचारलं, म्हणून बरं." सेकंदराव यावर हसतात, पण ते पुरतं हसू नसतं. त्यांच्या जिवाला स्वस्थता अशी नाहीच. एक गोष्ट ठरली की दुसरी बरी होती का, हा भुंगा डोक्यात सुरू. बसमध्ये बसले तरी मागून येणारी बस रिकामी आहे का ते बघत असतात.

टेबलावर मात्र हाच स्वभाव त्यांच्या कामी आला. मोजलेलं ते पुन्हा मोजतात, आणि पुन्हा मोजलेलं आणखी एकदा. विसराळूपणा मात्र वडिलांकडून आलेला. त्यावर त्यांनी आपल्यापुरता एक उपाय काढला होता. टेबलाच्या खणात कपडे वाळत घालायचे दहा पिवळे चिमटे होते. बोर्डावरचा एखादा भाग काढून तात्पुरता दुसरीकडे लावला, की एक चिमटा शर्टाच्या खिशाला लावायचा. भाग परत जागेवर बसला की चिमटा परत खणात. कधी कधी तीन-तीन चिमटे खिशाला लटकत असायचे आणि वरच्या दुकानातली माणसं म्हणायची, सेकंदरावांची आज धुणी जास्त आहेत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. चिमट्यांनी सोळा वर्षांत त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र या स्वभावाने माती केली होती, आणि ती गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीची होती.

बहीण जुन्या व्हिडिओ कॅसेटी साफ करून देते. कुणाच्या घरच्या समारंभाच्या, कुणाच्या शाळेच्या, पट्टे पडलेल्या, मुंग्या आलेल्या. ती त्यातलं चित्र संगणकात घेते आणि मग संगणक एकेक चित्र घासूनपुसून काढतो. धंदा सुरू करताना तिच्यासमोर दोन गाळे होते. एक बेकरीच्या वरचा, दुसरा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशेजारचा. तिने भावाला विचारलं, "दादा, कुठला घेऊ?" दादाने ते काम फारच मनावर घेतलं. सकाळी किती माणसं जातात, संध्याकाळी किती जातात, ऊन कधी येतं, बेकरीच्या भट्टीची धग किती लागते. तीन आठवडे ते वही घेऊन दोन्ही दारांसमोर उभे राहिले. बाविसाव्या दिवशी त्यांनी उत्तर सांगितलं तेव्हा दोन्ही गाळे गेले होते. त्यानंतर सहा वर्षं बहिणीने एका इमारतीच्या जिन्याखाली धंदा केला, जिथे उभं राहिलं की डोकं आपटायचं. ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, भांडली असती तर सेकंदरावांना बरं वाटलं असतं. तिचं डोकं जिन्याला आपटलेलं त्यांनी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि दोन्ही वेळा ती कपाळ चोळत हसली होती.

आता तिचा धड गाळा होता, आणि चालून आलेलं एक मोठं काम होतं. एका बंद पडलेल्या वाहिनीच्या तासाभराच्या तीनशे जुन्या कॅसेटी साफ करून द्यायच्या. अट साधी होती. किती दिवसांत देणार तो आकडा तिने स्वतः कागदावर लिहून द्यायचा. तो एकशे ऐंशीच्या आत हवा, आणि एकदा लिहिला की त्याच्यावर एक दिवसही गेला तर काम काढून घेणार, झालेल्या कामाचाही पैसा मिळणार नाही. या कामासाठी तिने बारीकसारीक गिऱ्हाइकं सोडून दिली होती. तिला एक दमदार जुना सर्व्हर हवा होता, आणि त्यात कुठला प्रोसेसर घालायचा हे तिने भावाला विचारलं. दोनच परवडण्यासारखे होते. एक अठरा कोअरचा, म्हणजे अठरा जण मिळून काम करतात पण एकेक जण हळू. दुसरा आठ कोअरचा, माणसं कमी पण हात चपळ. किमतीत फारसा फरक नव्हता. बाजारात त्यांना अठरावाला आणि आठवाला म्हणत.

"आठवाला घे," सेकंदराव म्हणाले.

एका दमात म्हणाले. बहीण जरा बघतच राहिली. पण महिनाभर रजिस्टरमध्ये तोच आकडा येत होता. अठरावाला दोनशे पाच सेकंद, आठवाला एकशे एकाहत्तर. सुरुवातीला त्यांनाही नवल वाटलं होतं. मग त्यांनी त्यावर एक सिद्धान्त बसवला, आणि तो त्यांना इतका आवडला की येईल त्याला ऐकवू लागले. "एका स्वयंपाकघरात अठरा जण घातले की कुणाचा कोपर कुणाला लागतो. जुना माल असाच असतो." ऐकणारे माना डोलवायचे. शिवाय बहिणीसमोर या खेपेला घोळ घालायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सोमवारी आठवाला बसवलेला सर्व्हर तिच्याकडे पोचला. पहिल्या कॅसेटला चौदा तास लागले. तीनशे कॅसेटींचे एकशे पंचाहत्तर दिवस. बसतंय, पण कसंबसं. रोज रात्रंदिवस यंत्र चाललं पाहिजे. एक दिवस वीज गेली, एक दिवस तिला ताप आला की खेळ खलास. कागद गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत, काम देणाऱ्यांच्या गाळ्यापासून दहा मिनिटांवरच्या कचेरीत द्यायचा होता.

गुरुवारी सकाळी सेकंदराव गॅलरीत दात घासत होते. बायको कपडे वाळत घालत होती.

"अहो, हा एक पिवळा चिमटा कुठून आला?" ती म्हणाली. "आपले तर सगळे निळे. महिनाभर बघतेय, दर वेळी हातात येतो."

सेकंदरावांचा ब्रश तोंडातच थांबला.

"कुठे मिळाला तुला?"

"तुमच्या शर्टाला होता. धुवायला घेतला तेव्हा काढला आणि दोरीला लावला. चिमट्याचं दुसरं काय करायचं असतं?"

त्यांनी चूळ भरली नाही, तसेच आत गेले. चिमटा खिशाला होता, म्हणजे काहीतरी काढलं होतं. चिमटा घरी आला, म्हणजे ते परत बसवलं नव्हतं. काय काढलं होतं? एक महिन्यापूर्वी कुणाला काय दिलं होतं? आठवेना. अंघोळ करताना आठवेना, शर्टाची बटणं लावताना आठवेना. बायकोने चहा पुढे ठेवला तो त्यांनी उभ्यानेच अर्धा संपवला आणि उरलेला तसाच ठेवून पायात चपला सरकवल्या.

"डबा?" बायको म्हणाली.

"नको."

"अहो, चिमटा तरी घेऊन जा."

तो मात्र त्यांनी घेतला. बसमध्ये मुठीत धरून बसले. त्या दिवशी मागून येणाऱ्या बसकडे त्यांनी बघितलं नाही.

तळघरात दोन बाकं आहेत. तुलना सरळ व्हावी म्हणून डाव्या बाकावर एक प्रोसेसर आणि उजव्यावर दुसरा, असं महिनामहिना ठेवायची त्यांची रीत. डाव्या बाकावर अठरावाला होता. दिवा लावायच्या आधीच त्यांनी त्या बोर्डावरून हात फिरवला, आणि बोटांना कळलं. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चार पट्ट्या असायला हव्यात तिथे दोनच होत्या. दोन खाचा रिकाम्या.

आता आठवलं. महिन्यापूर्वी एक गिऱ्हाईक फार घाईत आलं होतं, गोदामातून पट्ट्या यायला वेळ लागणार होता, मालक वरून "द्या हो, काढून द्या" म्हणाले होते. त्यांनी डाव्या बाकावरच्या दोन काढून दिल्या. खिशाला चिमटा लावला. आणि संध्याकाळी तो चिमटा लावूनच घरी गेले.

ते स्टुलावर बसले. प्रोसेसरला कामाचा माल मेमरीतून येतो. चार दारं असताना दोन बंद करून ठेवली, तर आत अठरा जण असोत नाहीतर छत्तीस, ते हात बांधून बसणार. स्वयंपाकघरात कोपराला कोपर लागत नव्हता. भाजीच येत नव्हती. आणि आपण महिनाभर बाजाराला काय सांगत होतो? सेकंदरावांना त्या सिद्धान्ताची इतकी लाज वाटली की एकटे असूनही त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला; तिथून दोन पट्ट्या आणून खाचांत बसवेपर्यंत बारा वाजून गेले. यंत्र सुरू केलं. त्यांचं नेहमीचं जड काम लावलं. डोळे पडद्यावर आणि अंगठा नखावर घासत. एकशे चोवीस सेकंद. पुन्हा लावलं. एकशे तेवीस. आणखी एकदा. एकशे चोवीस. तरी समाधान होईना, म्हणून आठवाल्याचंही पुन्हा लावलं. तो बिचारा प्रामाणिक, एकशे एकाहत्तरच.

म्हणजे बहिणीकडे चुकीचा माल गेला होता. तोही या वेळी त्यांनी न रेंगाळता, छाती पुढे काढून, एका दमात सांगून धाडला होता. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. बहीण मशीनपाशी असली की पंख्याच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण कागद घेऊन ती निघालीही असेल, हेही तितकंच खरं. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला.

अठरावाल्याचे ट्रेमध्ये दोन नग होते. तिथे सेकंदरावांच्या मनात एक गोष्ट आली, ती लपवायची नाही. रजिस्टरमध्ये अजून दोनशे पाच लिहिलेलं होतं आणि भाव त्या आकड्यावरचा होता. मालक यायला अर्धा तास होता. आत्ता वरच्या कॅशियरकडून आजच्या भावाने एक नग आपल्या नावावर घ्यायचा, बहिणीचं काम करायचं आणि मग उद्या आरामात येऊन आकडा सुधारायचा. कुणाला कळणार होतं? कॅशियरला प्रोसेसर आणि बिस्किटाचा पुडा यांतला फरक कळत नव्हता. त्यांनी एक नग उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. चौथ्यांदा आले तेव्हा स्वतःचाच राग आला आणि रजिस्टर ओढून त्यांनी लाल पेनाने महिन्याभराच्या अठरावाल्याच्या सगळ्या ओळींवर रेघ मारली. खाली लिहिलं, मेमरी अर्धी होती, चूक माझी, खरा आकडा एकशे चोवीस.

मालक आले ते नेहमीप्रमाणे जिन्यातच विचारत आले, "काय सेकंदराव, काय म्हणतंय खालचं जग?"

सेकंदरावांनी रजिस्टर पुढे केलं. मालकांनी वाचलं. मग एका रिकाम्या खोक्यावर बसले.

"या महिन्यात अठरावाले किती गेले?"

"सात."

"दोनशे पाचच्या भावाने."

"हो."

"म्हणजे सात जण आत्ता घरी बसून, स्वस्तात मिळालं म्हणून खुशीत माझं नाव काढत असतील." मालकांनी कपाळाला हात लावला. "आणि तुमच्या सांगण्यावरून आठवाले किती गेले?"

"बारा. तुमच्याकडून बारा. आणि एक माझ्या बहिणीकडे."

हा तेरावा आकडा सांगताना त्यांचा आवाज फाटला. मालकांनी मान वर करून बघितलं. सोळा वर्षांत त्यांनी सेकंदरावांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता.

"मला अठरावाला हवाय," सेकंदराव म्हणाले. "आत्ता. आठवाला संध्याकाळपर्यंत परत आणून देतो."

"घ्या की. पण भाव आजचा."

"आजचाच."

"आजचा म्हणजे तुम्ही आत्ता लाल पेनाने लिहिला तो." मालक उठले. "माझ्याकडे बघू नका असं. तुम्हीच त्याची किंमत वाढवलीत, मी काय केलं? पगारातून चार हप्त्यांत कापतो. आणि त्या बारा जणांना उद्यापासून एकेक फोन करा. दुकान माझं आहे, पण लोक आकडा तुमचा विचारतात."

हे म्हणणं रास्त होतं, आणि रास्त होतं म्हणूनच ते जास्त झोंबलं. सेकंदरावांनी प्रोसेसर चष्म्याच्या डबीत कापसावर ठेवला, चष्मा नाकावर, डबी शर्टाच्या आतल्या खिशात. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लावायच्या पेस्टची नळी, फडकं, स्पिरिटची बाटली आणि एक पेचकस पिशवीत टाकले आणि निघाले. दीड वाजला होता.

बस मिळायला वीस मिनिटं लागली. मिळाली ती पुलाआधी अडकली. पुढे कुठल्याशा ट्रकचं चाक निखळलं होतं. सेकंदराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही उभं राहिलात म्हणून ट्रक हलणार आहे का?" त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. आता त्यांच्या डोळ्यांसमोर बहीण दिसत होती. कचेरीच्या खिडकीपाशी उभी, कागदावर एकशे पंचाहत्तर लिहिलेलं, आणि खिडकीच्या आतला माणूस त्यावर शिक्का मारतोय. तीनशे दिवसरात्र ती त्या मशीनपाशी झोपेल आणि एकशे शहात्तराव्या दिवशी... तीनशे नव्हे, एकशे पंचाहत्तर दिवसरात्र. आकडेसुद्धा हातातून निसटायला लागले होते. सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

ते बसमधून उतरले आणि चालायला लागले. चालणं कसलं, त्याला पळणंच म्हणावं लागेल. चौपन्नाव्या वर्षी, उपाशी पोटी, एक हात छातीवरच्या डबीवर दाबून. रस्त्यात एका बाईने विचारलं, "छातीत दुखतंय का हो?" त्यांनी नुसतीच मान हलवली. तिला ती हो वाटली की नाही, कोण जाणे.

गाळ्याच्या दारात पोचले तेव्हा चारला वीस मिनिटं होती. आत पंखा घोंघावत होता. बहीण मशीनपाशी स्टुलावर बसून संत्रं सोलत होती.

सेकंदराव दाराला टेकले. बोलायला श्वासच नव्हता.

"पाणी पी आधी," ती म्हणाली.

"कागद... दिलास?"

"पाणी पी रे दादा."

"अगं, दिलास का ते सांग."

तिने टेबलाकडे बोट केलं. कागद तिथे होता. नाव, पत्ता, कॅसेटींची संख्या, खाली सही. दिवसांची जागा मोकळी.

सेकंदराव पाणी प्यायले. अर्धं शर्टावर सांडलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. चिमटा, दोन पट्ट्या, अठरा जण आणि अर्धी बंद दारं. सांगताना तिच्याकडे बघायचं टाळलं. शेवटी म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं. पुन्हा एकदा."

"मशीन बंद करू का?" तिने विचारलं.

"त्यात कॅसेट चालू आहे ना? किती झालीय?"

"नऊ तास झालेत."

"मग ते नऊ तास फुकट जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली आणि बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला.

पुढची वीस मिनिटं सेकंदरावांची होती. झाकण काढलं, चार पेच सैल केले, वरचा, उष्णता ओढून घेणारा जड धातूचा ठोकळा हलवून उचलला. आठवाला बाहेर आला. त्याच्या पाठीवरची वाळलेली पेस्ट त्यांनी फडक्याने पुसली आणि त्याला कापसावर ठेवलं. बोर्डावर आता केसाएवढ्या बारीक पिनांचा चौकोन उघडा होता. त्यांतली एक जरी वाकली तरी अख्खं यंत्र गेलं. बहीण श्वास रोखून उभी होती. सेकंदरावांच्या हातांची चुळबुळ मात्र थांबली होती. सकाळपासून कधी चिमटा, कधी फोन चिवडणारे ते हात आता टेबलावरच्या वजनासारखे स्थिर. त्यांनी अठरावाला दोन बोटांनी कडेला धरला, कोपऱ्यावरची खूण जुळवली आणि सोडला. तो आपल्या जागी बसला. नवी पेस्ट, ठोकळा, चार पेच आडवेतिडवे आळीपाळीने. मग त्यांनी रॅमच्या पट्ट्या मोजल्या. चार. पुन्हा मोजल्या. चार. बहिणीने न विचारता तिसऱ्यांदा मोजून दाखवल्या.

यंत्र सुरू झालं. त्याने अठरा कोअर ओळखले, चारही पट्ट्या ओळखल्या.

"तुझंच काम लाव," सेकंदराव म्हणाले. "माझं नको. कॅसेटमधलं एक मिनिट."

तिने लावलं. आठवाल्यावर एका मिनिटाच्या चित्राला चौदा मिनिटं लागत होती. दोघं पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर कुठल्या तरी जुन्या बातम्यांतला एक माणूस पावासारखे गाल फुगवून काहीतरी सांगत होता आणि त्याच्या तोंडावरचे पट्टे एकेक करून पुसले जात होते. सेकंदरावांचा गुडघा हलत होता. बहिणीने संत्र्याच्या दोन फोडी त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या हातातच धरल्या.

दहा मिनिटं आणि दहा सेकंद.

सेकंदरावांनी डोळे मिटले. उघडले ते ओले होते. ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसले.

"फोन का उचलला नाहीस गं?" ते म्हणाले. "बसमध्ये माझा जीव जायची वेळ आली."

"पंख्यात ऐकूच आला नाही. किती केलेस?"

"नऊ."

"बघ, मोजलेस पण." ती हसली. मग म्हणाली, "मी सकाळी दहालाच कागद द्यायला जाणार होते. चपला पण घातल्या होत्या. मग म्हटलं, थांबावं."

"का?"

"तू त्या दिवशी एका दमात सांगितलंस ना, आठवाला घे म्हणून. मला तेव्हापासूनच चैन नव्हती. चपला घ्यायला तीन दुकानं फिरणारा माणूस तू. म्हटलं, हा परत येणार. आज नाही तर उद्या, पण येणार." तिने कागद पुढे ओढला. "उद्या आला असतास तर मात्र आपण मेलो असतो."

सेकंदरावांच्या ज्या स्वभावापायी हिचे दोन गाळे गेले, सहा वर्षं डोकं जिन्याला आपटलं, त्याच स्वभावाच्या भरवशावर ही चपला काढून दिवसभर बसून राहिली होती. त्यांनी तोंडात संत्र्याची फोड टाकली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"लवकर," ती म्हणाली. "साडेचार झाले. किती दिवस लिहू?"

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तीनशे कॅसेटी, प्रत्येकी दहा तास दहा मिनिटं, एकशे सत्तावीस दिवस आणि वर दोन तास. "थांब," म्हणाले. कॅसेट बदलायला दहा मिनिटं, तीनशे वेळा, म्हणजे आणखी दोन दिवस आणि दोन तास. "थांब हं." पुन्हा पहिल्यापासून बेरीज केली. बहीण पेनाचं टोपण उघडून थांबली होती. घड्याळाकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"एकशे तीस," सेकंदराव म्हणाले.

तिने लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं. तिने एकशे चाळीस लिहिलं होतं.

"हे दहा दिवस कशाचे?"

"तुझे," ती म्हणाली, आणि कागद घेऊन चपला घालायला लागली.